गाडीची वाट

२०२५ सालच्या गणपतीत आमच्या घरी आरतीपेक्षा मोटारीचीच चर्चा अधिक झाली, हे आधीच कबूल करून टाकतो. मूर्ती बसली २७ ऑगस्टला. त्याच्या बारा दिवस आधी, स्वातंत्र्यदिनी, लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितले होते की, दिवाळीपर्यंत वस्तू व सेवा कराचे ओझे हलके होईल. कोणत्या वस्तूवरचा कर किती उतरणार, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आणि जे ठाऊक नसते त्याविषयी माणसे फार ठामपणे बोलतात, हा माझा जन्मभराचा अनुभव आहे.

आमची जुनी गाडी जुलैतच विकून झाली होती. तिची पंधरा वर्षे भरली होती. कागदपत्रे नव्याने करण्यापेक्षा ती देऊन टाकलेली बरी, असे ठरले. त्यामुळे घर बिनगाडीचे होते आणि दिवाणखान्यात तीन पक्ष पडले होते. थोरला चिरंजीव हिशेबनीस. तो म्हणाला, “बाबा, आज गाडी घेणारा माणूस म्हणजे शुद्ध वेडा. महिना-दीड महिना थांबा, पाऊण लाख वाचतील.” लेक अभियंता. ती म्हणाली, “महिनाच कशाला? दोन वर्षं थांबा. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या दर वर्षी स्वस्त होतायत. आत्ता पेट्रोलची घेणं म्हणजे शेवटच्या गाडीत चढणं.” आणि दर्शनाला आलेले शेजारी हातातला मोदक खाली न ठेवता म्हणाले, “मी सांगतो, आजच नोंदवा. दर उतरले की अशी झुंबड उडेल की दसरा सोडा, संक्रांतीलासुद्धा गाडी मिळायची नाही.”

सौभाग्यवती खुर्चीत बसून मोदकांचे सारण परतलेल्या पातेल्यावर नजर ठेवून होती. मार्चमध्ये तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. ती एवढेच म्हणाली, “मला वाईला जायचंय. ताईला बघून वर्ष झालं.”

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली.

ते वाक्य कोणी ऐकले नाही, असे नाही. सर्वांनी ऐकले, आणि “हो हो, गाडी आली की पहिली वाईलाच जाऊ,” असे एकमुखाने सांगून सगळे पुन्हा टक्केवारीकडे वळले. मीही त्यांतलाच. मी शाळेत इतिहास शिकवीत होतो. समोरचा प्रश्न सुटेना झाला की मागच्या शतकात शिरायचे, ही माझी जुनी खोड आहे. त्या रात्री मी तेच केले. मनाशी म्हटले, गाडी आज घ्यावी की थांबावे, हा प्रश्न काही आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नाही. ज्यांना पूर्वी पडला त्यांचे काय झाले, ते पाहू.

*

पहिले उदाहरण अर्थातच हेन्री फोर्डच्या टी मॉडेलचे. ही गाडी १९०८ साली अमेरिकेत बाजारात आली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. मग १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात फोर्डने सरकत्या पट्ट्यावर गाडी जुळवायला सुरुवात केली. माणसाने गाडीपाशी जाण्याऐवजी गाडीच माणसापाशी येऊ लागली. बारा-साडेबारा तासांचे जुळणीचे काम दीड तासावर आले. मजुरी वाढली आणि तरीही किंमत उतरत गेली. १९२५च्या सुमारास हीच गाडी, तिच्या साध्यातल्या साध्या रूपात, २६० डॉलरला मिळू लागली.

म्हणजे १९०८ साली जो म्हणाला, “थांबू या, स्वस्त होईल,” तो अगदी बरोबर होता! सतरा वर्षे थांबून त्याने ५९० डॉलर वाचविले. फक्त ती सतरा वर्षे तो आणि त्याची बायकोमुले पायी चालली. हा दुसरा आकडा कोणत्याही जमाखर्चात लिहिलेला सापडत नाही, म्हणून मी तो येथे मुद्दाम लिहितो.

पण फोर्डलाही पुढे थांबणाऱ्यांनी घाम फोडला. त्याची जी काळी गाडी दीड कोटींच्या वर खपली, ती १९२७ साली जुनाट दिसू लागली. प्रतिस्पर्धी जनरल मोटर्स दर वर्षी नवे रूप, नवा रंग देत होती. “फोर्ड काहीतरी नवे काढणार” अशी कुणकुण लागली आणि गिऱ्हाईक हात आखडून बसले. त्या वर्षी मे महिन्यात फोर्डने टी मॉडेल बंद केले. नवे ए मॉडेल लोकांसमोर आले ते २ डिसेंबरला. मधले सहा महिने विक्रेते रिकाम्या दुकानात बसून होते. ज्या दिवशी नवी गाडी दाखविली, त्या दिवशी ती पाहायला शहराशहरांतून माणसांचे लोंढे लोटले. हे थांबणे मात्र शहाणपणाचे ठरले. जुनी गाडी जाणार हे नक्की होते, नवी येणार हेही नक्की होते, आणि प्रश्न काही महिन्यांचाच होता.

याच काळात अमेरिकेत आणखी एक गंमत झाली. फोर्डला कर्जाचा तिटकारा. त्याने १९२३ साली एक योजना काढली. दर आठवड्याला पाच डॉलर बँकेत भरा, बँक त्यावर व्याज देईल, पुरेसे साठले की गाडी घेऊन जा. आपल्या आजोबांना ही योजना मनापासून आवडली असती. आधी साठवा, मग मिरवा! पण जनरल मोटर्सने १९१९ सालीच हप्त्यांनी पैसे फेडण्याची सोय करून ठेवली होती. तिथे गाडी आधी, पैसे मागून. दोन दुकाने समोरासमोर, एकात “थांबा” अशी पाटी, दुसऱ्यात “बसा.” लोक कुठे गेले हे सांगायला नकोच. १९२८ साली फोर्डनेही हप्त्यांची कंपनी काढली आणि आपला हट्ट गुंडाळून ठेवला.

*

आठवड्याला पाच, हा आकडा ध्यानात ठेवा. तो पुन्हा एकदा येणार आहे, पण फार वेगळ्या देशात.

१९३८ साली जर्मनीत हिटलरने फालर्सलेबन गावाजवळ लोकांच्या मोटारीच्या कारखान्याची कोनशिला बसविली. किंमत जाहीर झाली ९९० मार्क. कामगाराला परवडेल अशी. घ्यायची कशी? दर आठवड्याला निदान पाच मार्कांचे तिकीट घ्यायचे आणि वहीत चिकटवायचे. वही भरली की गाडीचा हक्क लागू. पाच मार्कांनी ९९० भरायला १९८ आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षे. या पैशावर व्याज नव्हते; करार मोडून पैसे परत घेण्याची सोय नव्हती; आणि गाडी अमुक तारखेला मिळेल, असे कोठेही लिहिलेले नव्हते. तरीही सुमारे ३,३६,००० माणसांनी वह्या घेतल्या. चित्रांतली गाडी सुबक होती, रस्ते नवे झाले होते, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळे कुटुंब मिळून तिकीट चिकटविण्यात एक सुख होते.

१९३९ साली युद्ध सुरू झाले. कारखान्यातून गाड्या बाहेर पडल्या, पण त्या लष्कराच्या. वहीवाल्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. एकालाही नाही! युद्धानंतर त्याच कारखान्यातून तीच गोल पाठीची मोटार लाखांनी निघू लागली, जगभर गाजली. तेव्हा जुने वहीवाले कोर्टात गेले. खटला वर्षानुवर्षे चालला आणि १९६१ साली तडजोड झाली. ज्याची वही पूर्ण भरली होती त्याला नव्या गाडीच्या किमतीत ६०० मार्कांची सूट, किंवा रोख १०० मार्क. ज्याने पंचविशीत पहिले तिकीट चिकटविले होते, तो तोवर पन्नाशीच्या उंबरठ्यावर आला होता.

फोर्डच्या पाच डॉलरांत आणि या पाच मार्कांत फरक काय? वाट दोघांनीही पाहायला लावली. पण एकीकडे पैसे आपले राहत होते, दुसरीकडे वाट पाहणाराच दुसऱ्याच्या मुठीत जात होता.

त्याच जर्मनीच्या पूर्व भागात पुढे निराळाच खेळ चालला. १९५७पासून त्स्विकाउ गावी ट्राबांट नावाची लहानशी गाडी निघे. मागणी अफाट, कारखाना एवढासा. नाव नोंदवून दहा-दहा, बारा-बारा वर्षे थांबावे लागे. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याचे नाव नोंदवून ठेवीत. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई. कारण नवी कागदावर असे, जुनी दारात. मग १९८९च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली, पश्चिमेकडच्या गाड्या आत आल्या, आणि बारा वर्षांपूर्वी लावलेल्या नंबराची किंमत रद्दी कागदाएवढी झाली. १९९१ साली कारखान्याने ती गाडी बंद केली.

*

आता आपल्या घरी येऊ. इथला इतिहास मला ग्रंथांत शोधावा लागत नाही. मी त्याच्या मागच्या बाकावर बसलो होतो.

हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघावा म्हणून विश्वेश्वरय्यांनी १९३०नंतरच्या दशकात मुंबईसाठी योजना आखली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद तिच्यामागे हात धुऊन लागले. परकीय सरकारने दाद दिली नाही. अखेर १९४४ साली वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी, मग १९५४पासून इटलीची फियाट. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर, मद्रासला स्टँडर्ड. अशा तीन घरच्या गाड्या. सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने सांगितले की, इथे बनवा, नाहीतर जा. त्या गेल्या. परकीय चलन तुटपुंजे, पोलाद तुटपुंजे. आधी मालमोटारी, मग बस, आणि खाजगी मोटार ही चैन. धोरण म्हणून त्यात तथ्य होते. पण १९६१च्या खानेसुमारीत चव्वेचाळीस कोटींच्या घरात गेलेल्या या देशात वर्षाला वीस-पंचवीस हजारच मोटारी होत. १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणले. नंबर लावायचा आणि वाट पाहायची, हा रिवाज झाला.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, पुण्यात वकिली करीत. १९६३ साली त्यांनी फियाटसाठी नंबर लावला. अनामत रक्कम पोस्टाच्या बचत खात्यात भरून ते पासबुक गहाण ठेवून आले आणि आम्हां मुलांना पेढे वाटले, जणू गाडी दारातच उभी आहे. मी नऊ वर्षांचा होतो. शेजारी एक प्राध्यापक राहत. ते अण्णांना हसले. “वकीलसाहेब, घाई केलीत. सरकार लोकांसाठी छोटी गाडी काढणार आहे. समित्या बसल्या आहेत. चार-पाच हजारांत मिळेल. मी तिच्यासाठी थांबलोय.”

अण्णांनी गाडीचा ध्यास घेतला तो आजीसाठी. आजीचे माहेर गुहागर. सातव्या-आठव्या वर्षी लग्न होऊन ती देशावर आली. माहेरी गेली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा, आणि शेवटची गेली त्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती. एस्. टी. होती, पण आजीला गाडी लागे. कराड, पाटण, मग कुंभार्लीचा घाट. घाटाच्या पहिल्या वळणालाच ती गळून जाई. एकदा अण्णांनी तिला नेण्याचा प्रयत्न केला तो साताऱ्यावरूनच परतावे लागले. “आपली गाडी असली म्हणजे हवी तिथं थांबवता येईल,” अण्णा म्हणत, “आई, पाच मैल जाऊ, बसू, पाणी पिऊ, पुन्हा पाच मैल जाऊ. दोन दिवस लागले तरी लागू देत.”

आजीला हे पटले. दर वर्षी कार्तिकात आवळे आले की ती आवळासुपारी करी. आले, सैंधव, ओवा घालून उन्हात वाळविलेली. प्रवासात मळमळले की तोंडात धरायला तिच्यासारखे औषध नाही. एक पितळी डबा भरून ती बाजूला ठेवी आणि आम्हांला बजावी, “हात लावायचा नाही. ही गुहागरच्या वाटेची आहे.” चैत्र-वैशाख येई, गाडीचा पत्ता नसे, आजी डबा खाली काढी आणि आमच्या हातांवर थोडी थोडी ठेवून संपवून टाकी. कार्तिकात पुन्हा नवा डबा. असे १९६३ साली झाले, ६४ साली झाले. ६५ साली युद्ध झाले. ६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि गाड्यांच्या किमती वाढल्या. अण्णा विक्रेत्याकडे चौकशीला जात आणि परत येऊन आजीला म्हणत, “सरकलाय नंबर.” ६६चा डबा संपला, ६७चा भरला.

१९६८च्या माघात आजी गेली. त्या साली आवळासुपारी खाली काढायला कोणी धजेना. पुढे आईने तो डबा तसाच उचलून माळ्यावर ठेवला.

गाडीचे पत्र आले १९७० साली. गाडी पांढरी शुभ्र होती. सगळ्या आळीने तिला हात लावून पाहिला. एका व्यापाऱ्याने अण्णांना दाराशी येऊन वर पैसे देऊ केले. तेव्हा तशी पद्धतच होती; नंबर लागलेला माणूस गाडीइतकाच मोलाचा. अण्णांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. गाडी घेऊन ते पहिल्यांदा गुहागरला गेले. मीही बरोबर होतो. सोळा वर्षांचा. कुंभार्लीच्या घाटात त्यांनी पाच-सहा ठिकाणी गाडी थांबविली. कशाला, ते मी विचारले नाही. आजीच्या माहेरच्या घरी तिची एक भावजय तेवढी उरली होती. ती म्हणाली, “वन्सं येणार येणार म्हणून दर उन्हाळ्यात वाट पाहिली हो आम्ही.”

परतताना चिपळूणच्या नाक्यावर चहा घ्यायला थांबलो. तिथे चार-पाच भाड्याच्या मोटारी उभ्या होत्या. जुन्या, मोडक्या, पण चालत्या. अण्णा त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, “अशी एक पुण्यात कधीही मिळाली असती रे. दोन दिवसांचं भाडं. हवी तिथं थांबवता आली असती.” एवढेच. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

*

प्राध्यापकांच्या छोट्या गाडीचे काय झाले, तेही सांगतो. समित्या बसल्या, उठल्या. १९७१ साली मारुती नावाची कंपनी निघाली, पण गाडी काही निघाली नाही; कंपनी बुडाली. १९८० साली सरकारने ती ताब्यात घेतली, १९८२ साली जपानच्या सुझुकीशी करार झाला. १९८३च्या उन्हाळ्यात दहा हजार रुपये भरून नोंदणी सुरू झाली आणि दोन महिन्यांत लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले. कोणाला आधी, हे ठरवायला सोडत काढावी लागली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली एका मालकाच्या हाती ठेवली. किंमत साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास. आमचे प्राध्यापक तोवर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. वीस वर्षांपूर्वी त्यांनी जी गोष्ट सांगितली होती ती अगदी खरी ठरली. छोटी गाडी आलीच!

आणि त्यानंतरचे तर आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. २००८च्या जानेवारीत रतन टाटांनी दिल्लीत लाख रुपयांची नॅनो दाखविली, तेव्हा स्कूटरवर चौघे बसून जाणाऱ्या किती घरांनी मनाशी म्हटले असेल, “आता थांबू या.” सिंगूरचा कारखाना गुजरातेत साणंदला न्यावा लागला. २००९च्या एप्रिलात दोन लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली. पुन्हा सोडत, पुन्हा वाट. पुढे मागणी ओसरली आणि दहाएक वर्षांत ती गाडी बंदही झाली. ज्या फियाटसाठी अण्णा सात वर्षे थांबले, तिचीच पुढची पिढी पद्मिनी या नावाने मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून धावली. ३० ऑक्टोबर २०२३ला तिचीही मुंबईच्या रस्त्यांवरची मुदत संपली.

*

पहाटे केव्हातरी माझ्या मनात हे सगळे एका ओळीत उभे राहिले. थांबणारे सगळे मूर्ख नव्हते आणि न थांबणारे सगळे शहाणे नव्हते. १९२७ साली सहा महिने थांबणारा अमेरिकन शहाणा होता, कारण येणारी गोष्ट नक्की होती आणि वेळ थोडा होता. वहीत तिकिटे चिकटविणारा जर्मन फसला, कारण तारीख कोणी दिलीच नव्हती आणि पैसेही हातचे गेले होते. ट्राबांटवाला फसला, कारण वाट पाहता पाहता जगच बदलले. म्हणून थांबायचे तर आधी विचारावे, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि मधल्या काळात आपले पैसे कोणाच्या हातात?

लेकीचे म्हणणे खोटे नव्हते. २०१०पासून पुढच्या चौदा-पंधरा वर्षांत विजेच्या गाडीची बॅटरी सुमारे नव्वद टक्क्यांनी स्वस्त झाली आहे, आणि पुढेही होईल. पण “पुढे” हा शब्द कॅलेंडरावर नसतो. दर दोन वर्षांनी आणखी दोन वर्षे थांबावे, असे म्हणता येईलच. चिरंजीवाचे म्हणणे वेगळे होते. दिवाळीपर्यंत, म्हणजे फार तर आठ आठवडे. पैसे आपल्याच बँकेत. हे थांबणे तोट्याचे नव्हते.

पण चौथा प्रश्न अण्णांचा होता, आणि तो मला एकाहत्तराव्या वर्षी प्रथमच नीट कळला. मधल्या दिवसांचे भाडे कोण भरतो? अण्णा गाडीसाठी थांबले यात त्यांची काही चूक नव्हती. तेव्हा सारा देशच थांबला होता. चूक झाली ती एवढीच की, गाडी थांबली म्हणून त्यांनी गुहागरही थांबविले. गाडीची वाट पाहावी. गावाची पाहू नये.

सकाळी चहाच्या वेळी मी सांगितले, “गौरी-गणपती बोळवले की दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी सांगायची. ही आणि मी वाईला जाऊन येतो. आपल्या गाडीचं काय ते मागाहून ठरवू.”

चिरंजीव म्हणाला, “बाबा, महिन्याभरात आपली गाडी येतेच आहे की. कशाला उगाच खर्च?” मी त्याला गुहागरची गोष्ट सांगितली. घरात एवढी वर्षे राहून ती त्याने कधी ऐकली नव्हती. मी कधी सांगितलीच नव्हती.

३ सप्टेंबरला आम्ही निघालो. चालक तरुण होता, समजूतदार होता. हिचा गुडघा अवघडला की थांब म्हटल्यावर थांबायचा. खंबाटकीच्या अलीकडे एकदा, सुरूरच्या फाट्यावर एकदा. तिथल्या टपरीवर आवळासुपारीची पुडी मिळाली. हिला गाडी लागत नाही. तरी मी ती घेतली. वाईला दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या. ताईंना आता बोललेले फारसे कळत नाही, पण हिच्या हातावरचा लहानपणीचा भाजल्याचा डाग त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिला आणि ओळखले. मी कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीपाशी जाऊन तासभर बसून आलो. बहिणींच्या बोलण्यात पुरुषाने बसू नये.

रात्री घरी परतलो तो चिरंजीव दारातच उभा. कर परिषदेचा निर्णय झाला होता. लहान गाड्यांवरचा कर १८ टक्के. २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशीच. आमच्या मनातल्या पेट्रोलच्या लहान गाडीवर आजवर २८ टक्के कर आणि वर १ टक्का उपकर होता. मूळ किंमत सात लाख धरली तर जुना कर दोन लाख तीन हजार, नवा एक लाख सव्वीस हजार. फरक सत्त्याहत्तर हजारांचा. चिरंजीवाने पाऊण लाख म्हटले होते. पोराचा हिशेब पक्का. आता तारीख होती, आकडा होता, आणि थांबायला एकोणीस दिवस. आम्ही आनंदाने थांबलो. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी दारात आली. लेकीने झेंडूचा हार घातला आणि म्हणाली, “पुढची मात्र विजेची.” मी म्हटले, “जरूर. पण ती तुझ्या पैशांनी.”

वाईच्या खर्चाची पावती चिरंजीवाने मला दाखविली. दिवसभराचे भाडे आणि वर चालकाचे जेवण. वाचलेल्या सत्त्याहत्तर हजारांतून तो वजा करून त्याने हिशेब पुरा केला होता. मी ती पावती मागून घेतली आणि माळ्यावरचा एक पितळी डबा खाली काढून त्यात ठेवली. डबा रिकामाच आहे. पण झाकण उघडले की अजून ओव्याचा थोडा वास येतो, असे मला वाटते. ही म्हणते, तसे काही नाही.

दिवाळी आली आहे. वाचकहो, तुमच्याही घरी फराळाच्या ताटांवरून काही ना काही घ्यावे की थांबावे, याचा खल चालला असेल. गाडी असेल, घर असेल, कोणाचे लग्न असेल. किमतीचा हिशेब जरूर करा. थांबणे लाभाचे असेल तर जरूर थांबा. फक्त त्या खोलीत कोणी हळू आवाजात एखाद्या गावाचे नाव घेत असेल, तर ते आधी ऐका. तिथे जायला आजही गाडी मिळते.